निरुद्योगी कदा

गिरणीला कुलूप लागलं त्याच आठवड्यात आमची लेक अदिती पालथी पडायला शिकली, त्यामुळे तिचं कौतुक आम्ही हळू आवाजात केलं.

माझा नवरा अमर सूतगिरणीत फिटर होता. कापूस पिंजणाऱ्या मशीनच्या पोटात वाकून वाकून त्याच्या छातीत कापूस जाऊन बसला होता. चढावर चालला की आतून बारीक शिट्टी वाजायची. ओझं उचलणं त्याला जमत नव्हतं, आणि गिरणी सुटलेल्या माणसाला आदिलाबादेत ओझ्याशिवाय दुसरं काम कोणी देत नव्हतं. फक्त मार्केट यार्डातल्या अमृतराव अडत्यांनी शब्द दिला होता, "दसरा होऊ दे, कापूस येऊ दे, तुले काट्यावर बसवतो. बसून काम हाय." म्हणजे दसऱ्यापर्यंत तग धरायचा होता.

तग धरायला भृती होती. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराला विम्यातून काही महिने मिळणारा भत्ता तो. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण ऑफिसातले लोक तेलुगूत भृती म्हणत, म्हणून आमच्या गल्लीतल्या मराठी बायाही नळावर एकमेकींना "भृती आली का वो?" असंच विचारत. तिची मुदत आता सरत आली होती. मुदत वाढवून मिळणार असं गिरणीच्या लोकांना कळलं होतं, पण त्याआधी घरोघरी एक साहेब येऊन पाहणार होता, ह्याला खरंच अजून काम नाही ना.

मुदत वाढली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. माझी मावसबहीण चारुशीलाताई बेल्लमपल्लीला मुलींच्या एका वसतिगृहात वॉर्डन होती. तिथल्या स्वयंपाकघरावर देखरेखीला बाई हवी होती.

"राहायचं इथेच," ती फोनवर म्हणाली. "लेकरू आणू देत नाहीत, रंजीता. मी विचारून पाहिलं. तुझी वर्षाची तरी असती तर सासूपाशी ठेवून आली असतीस. बघ बाई, मला जागा फार दिवस धरून ठेवता येणार नाही."

अदिती वर्षाची नव्हती. जन्मली तीच कमी वजनाची. वरचं दूध पोटात गेलं की ओकायची, पेजेचा चमचा जिभेनं बाहेर ढकलायची आणि मग माझ्या पदराला हात घालायची. अंगणवाडीतल्या ताईंनी तिला काट्याच्या झोळीत ठेवलं, आकडा पाहिला आणि मला इतकंच म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत तरी हिला अंगावरच्या दुधापासून तोडू नको."

त्यांचाही दसराच. साऱ्या गोष्टी दसऱ्याला येऊन टेकल्या होत्या आणि मधल्या दिवसांवर भृतीचा पूल टाकायचा होता.

त्या दिवसांत अमर घरी बसायचा, पण नुसता बसायचा नाही. गिरणीतल्या दोस्तांचे, शेजाऱ्यांचे बिघडलेले पंखे तो ओसरीवर उघडून ठेवायचा. तांब्याची तार सोडवायची, पुन्हा गुंडाळायची. कोणाकडे काही मागायचा नाही. मागणार कोणाला, सारेच गिरणीचे. हातांना सवय होती म्हणून हात चालत. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आत्याबाई, म्हणजे माझी सासू तुळजाबाई, भाजी मांडून बसायच्या. पोरगा समोर काही खटपट करतोय हे दिसलं की त्यांची वांगी जास्त विकली जात असावीत, इतक्या जोरात त्या गिऱ्हाईक बोलवायच्या.

समोरच्या किराणा दुकानाचे सुधाकरराव एका सकाळी दात कोरत आले.

"काय अमरभाऊ, मजा हाय बा तुमची. निरुद्योगी माणसाले सकाळ बी आपलीच, दुपार बी आपलीच."

अमर हसला. आत्याबाई हसल्या नाहीत.

"सुधाकर, जीभ आवर. निरुद्योगी कोणाले म्हणून राह्यला? दुकानात बसून माशा मारते त्याले म्हण. तो तुहाच पंखा दुरुस्त करून राह्यला, दिसत नाही?"

"मस्करी केली काकू."

"मस्करी तुह्या घरी. असा शब्द पोराच्या कपाळाले चिकटून जात असते."

"बरं बरं, परत घेतला," म्हणत सुधाकरराव गेले. आत्याबाई मात्र दिवसभर पुटपुटत होत्या. निरुद्योगी म्हणे. माह्या पोराले. निरुद्योगी.

साहेब आला तेव्हा मी घरी नव्हते. अदितीला टोचायला दवाखान्यात नेलं होतं, आणि अमर यार्डात अमृतरावांना तोंड दाखवायला गेला होता. मी परत आले तर आत्याबाई दारातच उभ्या, चेहरा उजळलेला.

"आला होता वो तुहा भृतीवाला साहेब!"

"एवढ्यात? मग? तुमी काय सांगतलं?"

"आधी बस त. पोट्टाच हाय बिचारा, घामानं वलागच्च झाला होता. म्या चहा पाजला. चार वांगे देऊन राह्यली होती, पण घेतले नाही. लाजला."

"आत्याबाई, त्यानं इचारलं काय?"

"पह्यलंच इचारलं काय त, 'निरुद्योगी कदा?'" त्यांनी साहेबाचा आवाज काढला. "मले असा राग आला! म्हणलं, ह्याले बी त्या सुधाकरनंच शिकवून धाडलं का? म्या म्हणलं, कदा? कदाच नाही! आईच्या पोटातून आला तवापासून कधीच नाही!"

अदिती माझ्या खांद्यावर झोपली होती. टोचलेली मांडी गरम लागत होती. मी तिला खाली ठेवलं नाही.

"मग?"

"मंग म्हणे, 'उद्योगम् उंदा?' म्या म्हणलं हाय, लय उद्योग हाय. त्याले मराठी कळे ना, म्हणून हिंदीत सांगतलं, बहोत उद्योग करता मेरा लडका, एक घडी खाली नहीं बैठता. चला म्हणलं, पाहा. सारे पंखे दाखवले. तो मिक्सर दाखवला. 'ये सब वोइच करता?' म्हणे. म्हणलं, वोइच करता, दुसरा कोण करते? फोटो काढला त्यानं."

"फोटो?"

"पंख्यायचा. अन् माहा बी, बाजूले उभी करून." त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, जणू फोटो आत्ताच निघत होता. "बराबर सांगतलं ना म्या?"

आत्याबाई पैनगंगेपलीकडच्या. लग्न करून अलीकडे आल्या त्याला आयुष्य झालं, पण तेलुगू त्यांना भाजीच्या टोपलीपुरतंच येतं: वंकाय म्हणजे वांगं, एंता म्हणजे केवढ्याला, तीसुको म्हणजे घे. मी वांकिडीची. घरात मराठी बोलले तरी शाळा तेलुगू शिकले. उद्योगम् म्हणजे तेलुगूत नोकरी, उंदा म्हणजे आहे का. निरुद्योगी म्हणजे ज्याला नोकरी नाही तो. त्यात आळस नाही, टोमणा नाही. आपण बेकार म्हणतो तसा साधा सरकारी शब्द. आणि कदा म्हणजे कधी नव्हे, नुसतं 'ना?' तुमचा मुलगा बेकार आहे ना, एवढंच त्या पोरानं विचारलं होतं. तिथे हो म्हणायचं होतं.

"बराबर ना?" आत्याबाईंनी पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हटलं. "बराबर."

अमर आला तेव्हा त्याला मी मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. ऐकून तो आधी हसला. कदाच नाही, कदाच नाही, असं दोनदा म्हणून हसला, आणि मग हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर मोरीच्या कट्ट्याला धरून म्हणाला, "आईले सांगू नको."

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. अदिती माझ्या कडेवर. साहेब खरंच पोरसवदा होता, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. अमरचं नाव ऐकताच त्याला ओळख पटली.

"आप ही हैं? अम्मा बहोत अच्छे हैं आपके," तो म्हणाला. मग मी तेलुगूत सारं समजावून सांगितलं. निरुद्योगी म्हणजे मराठीत काय होतं, म्हातारीला काय वाटलं, पंखे कसे फुकटचे आहेत. तो लक्ष देऊन ऐकत होता. एकदा त्याच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. मग त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला. आमची ओसरी, ओळीनं मांडलेले उघडे पंखे, आणि बाजूला आत्याबाई, दुकानाच्या मालकिणीसारख्या ताठ.

"मैं क्या लिखता, बोलो अक्का? घर में रिपेरी का धंदा, लिख के भेज दिया. अम्मा खुद बोले. अब अम्मा खुद आके दूसरा बयान देना पडता. तो मैं ऊपर भेजता. तुम्हारे बोलने से नहीं होता."

बाहेर येऊन अमर माझ्या पुढे पुढे बस स्टँडापर्यंत चालत आला. तिथे सावलीत थांबलो तेव्हा म्हणाला, "ते नाही होणार."

"काय नाही होणार?"

"आईले तिथं आणून, चार लोकांपुढं, तिच्या तोंडून ते वदवून घेणं."

"आवो, नुसता एक शब्द हाय. तेलुगूत त्याचा अर्थ—"

"तिच्यासाठी मराठीतच हाय तो. रंजी, ती दिवसभर त्या वांग्यांपाशी कशाच्या जोरावर बसते? गिरणी बसली, बाप गेला, पण पोरगा निरुद्योगी नाही. तेवढंच हाय तिच्यापाशी."

"अन् हिच्यापाशी काय हाय?" मी अदितीला त्याच्यापुढे धरलं. ती त्याच्या शर्टाची गुंडी तोंडात घ्यायला झेपावली. "हिले तोडू का? तुमीच सांगा. तोडून बेल्लमपल्लीले जाऊ?"

त्यानं गुंडी सोडवून घेतली नाही. "तुले जे करायचं ते कर," म्हणाला. "मले इचारू नको."

मी दुपारी सांगितलं. आत्याबाई कढीपत्त्याच्या जुड्या बांधत होत्या. मी शेजारी बसून, जमेल तितकं सोपं करून, सांगितलं. हातातली जुडी बांधून झाली तरी त्या दोरा गुंडाळतच राहिल्या.

"म्हंजे त्याच्यात शिवी नव्हती?"

"नव्हती, आत्याबाई."

"तो चांगलंच इचारून राह्यला होता."

"हो."

"अन् म्या त्याले..." त्यांनी भाजीवर ओलं पोतं टाकलं. भर दुपारी, गिऱ्हाईकाच्या वेळेला. "तू काल बराबर काऊन म्हणली मले?"

त्या आत गेल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. "चाल," म्हणाल्या. "पोरीले घे."

रिक्षात त्यांनी माझ्याकडून तेलुगू वाक्य पाठ करून घेतलं. "मराठीत नाही बोलणार म्या ते," त्या म्हणाल्या. "तेलुगूत शिवी नाही म्हणते ना तू? मंग तेलुगूतच बोलते." रस्ताभर ओठ हलत होते. मा अब्बाई निरुद्योगी. मा अब्बाई निरुद्योगी. मा अब्बाई म्हणजे आमचा मुलगा. ते त्यांना आवडलं. "अब्बाई," त्या एकदा नुसत्याच म्हणाल्या.

ऑफिसात गर्दी होती. गिरणीचेच लोक, आपापल्या चौकशीसाठी आलेले. अमरही होता. कोणाकडून तरी कळून मागून आला आणि दाराला टेकून उभा राहिला. मला वाटतं त्याला आईला एकटीला ते बोलू द्यायचं नव्हतं. तो आला नसता तर बरं झालं असतं.

साहेबानं खुर्ची दिली. आत्याबाई बसल्या नाहीत.

"चेप्पंडी अम्मा," तो म्हणाला. सांगा.

त्यांनी मान वळवून अमरकडे पाहिलं. मग भाजीला गिऱ्हाईक बोलवायच्या आवाजात, दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हताच, म्हणाल्या, "मा अब्बाई निरुद्योगी."

साहेब लिहायला लागला. त्याच्यापुरतं ते तेलुगू होतं. पण मागच्या रांगेत सगळे आमच्यासारखेच मराठी. कोणीतरी खुदकन हसलं. अमरच्याच खात्यातला एक जण, मनाचा वाईट नव्हे, म्हणाला, "घे अमर, आता त आईनंच शिक्का मारला!" आणि चारदोन जण हसले, जसे रांगेत उभे राहून कंटाळलेले लोक कशालाही हसतात.

आत्याबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी कागदावर अंगठा दिला, अंगठ्याची शाई लुगड्याच्या काठाला पुसली. ठेवणीतलं लुगडं, तरी पुसली. दारातून जाताना त्यांनी अमरच्या दंडाला हात लावला. "तेलुगूत बोलली रे बापा म्या," त्या म्हणाल्या.

"हो आई," तो म्हणाला. "कळलं मले."

घरी आल्यावर त्यानं पंख्यांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, निदान सुधाकररावांचा तरी बंद करून टाका. तर म्हणाला, "कोणी फोटो काढला म्हंजे?" त्यात चेष्टा होती की काय होतं मला ओळखता आलं नाही. आम्ही वरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत होतो, आणि तोवर ओसरीवर काही चालताना दिसू नये, हेही खरंच होतं. आत्याबाईच त्याला म्हणाल्या, "बसून राह्य बाबा. काही करू नको." ज्या बाईनं जन्मभर त्याला बसू दिलं नाही तिनं असं म्हटलं. तो भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसायचा. अदिती रांगत त्याच्यापर्यंत जायची, तांब्याच्या तारेचं भेंडोळं ओढायची. तो ते हळूच तिच्या हातातून काढून बाजूला ठेवायचा, गुंडाळायचा नाही.

उत्तर मोबाइलवर आलं, तेलुगूत. मी वाचलं. दोन बयानांत मेळ नाही, पहिलं बयान फोटोसह आहे, सबब मुदतवाढ देता येत नाही.

"काय म्हणते?" आत्याबाईंनी विचारलं.

"नामंजूर," मी म्हटलं.

हा शब्द इकडे तिन्ही भाषांत एकच आहे. समजावून सांगावा लागला नाही.

अमर उठला. उघडे पंखे एकेक करून पोत्यात भरले, पाती वेगळी, तार वेगळी, आणि ज्याचे त्याला नेऊन दिले, जसे होते तसे. सुधाकररावांचा तेवढा राहिला. त्यांचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मी चारुशीलाताईला फोन लावला. ती म्हणाली, "ये." मग जरा थांबून म्हणाली, "आधी तोडून ये गं. इथे आल्यावर त्रास होतो."

तोडायची आमच्याकडची रीत आत्याबाईंनाच माहीत होती. मी निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाचा कोवळा पाला ओरबाडून आणला आणि पाट्यावर वाटला. वाटीत तो हिरवा गोळा घेऊन माझ्यापाशी आल्या, समोर धरली आणि तोंड फिरवून बसल्या.

"तुमी लावा," मी म्हटलं.

"नाही वो माय. माह्यानं होत नाही. माह्या तोंडाचंच फळ हाय हे."

मीच लावला. थंड लागला, वास नाकात गेला. अदिती उठली होती, भुकेली होती, हात नाचवत आली. तोंड लावलं आणि झटक्यानं मागे झाली. जीभ बाहेर काढली, सारा चेहरा आवळला. मग माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. माझी काहीतरी चूक झाली असावी आणि मी ती आता दुरुस्त करीन, असं पाहिलं. मी काही केलं नाही. ती पुन्हा पुढे आली, नाक मुरडलेलं तसंच ठेवून तोंड लावलं, आणि प्यायला लागली.

"सोडलं का?" आत्याबाईंनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"नाही. पिऊन राह्यली."

"कडू लागलं नसन."

"लागलं, आत्याबाई. कडूच पिऊन राह्यली."

त्यांनी वळून पाहिलं. वाटी त्यांच्या हातात होती, अजून अर्धी भरलेली. "अजून लावू?" असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उठून मोरीत गेल्या. वाटी घासण्याचा आवाज आला, बराच वेळ आला.

बाहेर सुधाकररावांनी दुकान उघडलं होतं. "अमरभाऊ," त्यांनी रस्त्यापलीकडून हाक मारली, "पंखा झाला का नाही हो माहा?"

अमर ओसरीवरच बसला होता, माझी पिशवी मांडीवर घेऊन. छातीतली शिट्टी मला आत ऐकू येत होती.

मी ओल्या पदरानं कडुलिंब पुसून काढला, अगदी स्वच्छ, आणि अदितीला पोटभर पाजलं. एका बाजूनं, मग दुसऱ्या. तिचं नाक हळूहळू सरळ झालं. पिता पिता तिनं माझं बोट धरलं आणि झोपली. बेल्लमपल्लीच्या बसला अजून थोडा वेळ होता. बोट सोडवायला तेवढा लागलाच.